ट्रंक कॉल

शांतीलाल शेठच्या साड्यांच्या दुकानासमोर बेबाबाईची भरिताची गाडी लागायची. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला घेतली की धूर सरळ दुकानात. शेठ पडले जैन. घरात कधी वांगं शिरलं नाही आणि इथे बनारसी शालूला वांग्याचा वास! एके सकाळी पायरीवर येऊन ते कडाडले, "बाई, बस्स झालं. आत्ताच्या आत्ता गाडी हलव. उद्यापासून या रस्त्यावर दिसायचं नाही."

बेबाबाईने चाकाखालचा दगड काढला.

तेवढ्यात दुकानातला फोन खणाणला. सुरतेचा ट्रंक कॉल. मोठा व्यापारी पहिल्यांदाच जळगावला यायचा होता आणि पत्ता विचारत होता.

"स्टँडवरून रिक्षा करा, दुकानाचं नाव सांगा... काय? मागे तुमचे मुनीम गल्लोगल्ली फिरले?" शेठने रस्त्याकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मग भरिताच्या गाडीजवळ म्हणा."

लाइन खराब. पलीकडे काही ऐकूच जाईना. शेठने पुन्हा सांगितलं, परत सांगितलं आणि शेवटी बेंबीच्या देठापासून ओरडले, "अहो, बेबाबाई! भरीतवाली बेबाबाई! कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, तिच्या समोरच आपलं दुकान!"

अख्ख्या बाजाराने ऐकलं.

बेबाबाईने दगड पुन्हा चाकाखाली सारला, काड्यांवर ताजी वांगी मांडली आणि तितक्याच मोठ्याने ओरडून सांगितलं, "शेठ, पाव्हनास्ले सांगा, जठे धूर दिसी तठे उतरी पडा!"