तिक्त रसाची परीक्षा

वैद्यांनी डोळे मिटून काढ्याचा थेंब जिभेवर घेतला. तिक्त रस जिभेच्या मुळाशी उतरेपर्यंत ते स्तब्ध राहिले. स्वतःच्या जिभेने पारखल्याखेरीज कोणतेही औषध रोग्याच्या ओठी लावायचे नाही, हा त्यांच्या घराण्याचा नेम. या काढ्यातले काडेचिराईत तर कडूपणावरूनच ओळखायचे. ज्वर हटवणारे द्रव्य त्या कडूपणातच वसते.

"उत्तम उतरलाय," म्हणत त्यांनी पितळी पेला अंथरुणावरच्या पत्नीपुढे धरला.

तिने तो एका दमात संपवला आणि तोंड वेडेवाकडे केले. "अहो, जहर आहे नुसतं!"

"मग गुण येणारच."

गुण मात्र येत नव्हता. तिच्या गळ्याची हाडे वर आली होती. अंगठी बोटात ठरत नव्हती. रुग्णालयाचे नाव काढले की वैद्य म्हणत, "काढा चालू आहे ना?" मध्यंतरी ते स्वतः तापाने अंथरुणाला खिळले होते. त्यातून उठल्यापासून स्वभाव जरा किरकिरा झाला होता. "म्हशीला चारतोस तरी काय?" म्हणून दूधवाल्यावर डाफरले, आणि पत्नीला म्हणाले, "तुझ्या हाताची चव गेली."

इतक्यात मुलगी आली. औषधे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करी. खांद्यावरची पिशवीही तिने उतरवली नाही.

"बाबा, काढ्याच्या त्या काड्या तपासल्या. दुकानदाराने कसलंतरी गवत गळ्यात मारलंय तुमच्या. कडू द्रव्य नावालाही नाही त्यात. आईला आत्ताच्या आत्ता रुग्णालयात न्यायचं."

"तुझ्या यंत्राला जीभ आहे का गं?" वैद्य हसले.

मुलगी पेला घेऊन आत गेली आणि भरून घेऊन आली. "मग हे पारखा."

वैद्यांनी सवयीप्रमाणे डोळे मिटले, घोट घेतला. "कालच्याहून तीव्र!"

"बाबा, नळाचं पाणी आहे हे."

त्यांनी डोळे उघडून पेल्यात पाहिले. पितळी तळ स्वच्छ दिसत होता.

"अशक्य!" त्यांचा आवाज चढला. "विचार तुझ्या आईला. रोज पिते ती. कडू नसता, तर बोलली नसती?"

पत्नी कोपरावर रेलून उठली. त्यांच्या हातातून तिने पेला अलगद काढून घेतला.

"तुम्हाला दूध कडू लागलं, तेव्हाच मी समजले," ती म्हणाली. "तोंड वाकडं करणं तेवढं माझ्या हातात होतं."