तिसरं काडतूस

कोटाच्या खिशात जोलीनच्या बोटांना ते उडवलेलं, रिकामं काडतूस लागत होतं. तिच्या नवऱ्यानं, डर्कनं, सकाळीच ते तिच्या हातात कोंबलं होतं. "तिसऱ्या बाराला म्हाताऱ्याच्या बंदुकीत हे घाल. भरलेलं समजून चाप ओढेल, आणि धक्क्याच्या धास्तीनं आधीच कसा दचकतो ते सगळ्यांना दिसेल. आवाज नाही, धूर नाही, नुसती नळी खाली जाईल बघ."

खडीच्या जुन्या खाणीत वारा बोचत होता. हरणं हुसकून बंदुकांसमोर आणायचा हाका तोंडावर आला होता आणि दरवर्षीसारखी माणसं बंदुकांचे नेम जुळवायला जमली होती. टेबलाशी जोलीनचे बाबा, व्हर्लिन, वाळूच्या पिशवीवर बाराबोर बंदुकीची नळी टेकवून बसले होते. संधिवातानं बोटं वाकडी झालेली, म्हणून बंदूक भरायचं काम जोलीनचं. चाप मात्र ते स्वतः ओढत, आणि त्या बाबतीत कुणाचं ऐकत नसत.

गेल्या हंगामात एकाच हरणीवर दोघांनी बार टाकले होते, बाबांनी आणि त्यांच्या बाजूला उभ्या असलेल्या डर्कनं. एक गोळी हरणीला लागली. दुसरी रानाकडेला राहणाऱ्या बर्निसच्या स्वयंपाकघराची खिडकी फोडून भिंतीत चपटी झाली. बर्निस तेव्हा पाव काढायला ओव्हनपाशी वाकली होती म्हणून वाचली. चपट्या शिशावरून काहीच कळेना. पण एक म्हातारा आणि एक धडधाकट जावई, मग विचारायचं काय? हुकलेली गोळी म्हाताऱ्याची, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं.

हाक्याचा म्होरक्या गॉर्डी. बाबांना यंदा बंदुकीची जागा द्यायची की हातात काठी देऊन हाकाऱ्यांत धाडायचं, हे तो आज ठरवणार होता. त्या गुडघ्यांना काठी देणं म्हणजे घरीच बसवणं होतं, हे बाबांनाही ठाऊक होतं.

पहिली गोळी कागदाच्या मधोमध गेली. दुसरी जरा डावीकडे.

"हात चळला वाटतं?" डर्क म्हणाला.

"वारा आहे, जावईबापू."

"आट्यांची नळी आहे ना ती? गोळी फिरत फिरत सरळ जाते म्हणतात."

"गोळी जाते सरळ," बाबा म्हणाले. "धरणाराही सरळ लागतो."

गॉर्डी कॉफी पिता पिता खो खो हसला. बाबांनी बंदूक बिजागरीवर मोडून जोलीनपुढे धरली. तिचा हात खिशात गेला. तिला स्वतःची लाज वाटली. पण खरं सांगायचं तर तिच्याही मनात पाल चुकचुकत होती. बर्निसच्या काचा तिनंच झाडून काढल्या होत्या. तिनं रिकामं काडतूस आत सरकवलं आणि बंदूक मिटून दिली.

बाबांनी गाल दस्त्याला लावला, श्वास सोडला आणि चाप ओढला.

खट्.

नळी तसूभरही हलली नाही. पापणीसुद्धा नाही.  बाबांनी आपल्याच वाकड्या बोटांनी बंदूक उघडली, काडतूस खरवडून बाहेर काढलं आणि त्याच्या बुडावरचा आधीच्या बाराचा ठोका पाहिला. डर्ककडे ते वळलेच नाहीत. जोलीनकडे पाहत त्यांनी विचारलं, "तुलाही मीच वाटलो?"

ती टेबलावरची काडतुसं एका ओळीत लावू लागली.

"डोंगर आहे डोंगर!" गॉर्डी ओरडला. "व्हर्लिन, तुमच्या नळीवर कॉफीचा कप ठेवला असता तरी सांडला नसता."

"आता जावयाला बसव," बाबा म्हणाले. "माझ्याच बंदुकीवर."

"माझं जुळवून झालंय कालच," डर्क म्हणाला. "आणि तुमची ती हलकी बंदूक खांदा मोडते."

"एक बार रे. काय बायकोसमोर लाजतोस!" गॉर्डीनं त्याला खांद्याला धरून बसवलंच.

जोलीननं सगळ्यांकडे पाठ केली, बंदूक भरली, मिटली आणि नवऱ्याच्या हातात दिली. डर्क तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिनं नजर हटवली नाही.

"काय भरलंस?"

"ओढून बघ."

त्यानं गाल टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. हातमोजा काढून तळवा पँटला पुसला. मग एकाएकी त्यानं बंदूक मोडून आत पाहिलं. काडतुसाचं पितळी बूड कोरं करकरीत होतं.

"भरलेलंच आहे की रे," गॉर्डी म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"खात्री केलेली बरी," डर्क म्हणाला. काडतूस टेबलावर ठेवून तो उठला. खांदा खरंच दुखतोय, असं तो दोनदा म्हणाला. 

गॉर्डीनं उरलेली कॉफी खडीवर ओतली. "डर्क, यंदा तू काठी घे. व्हर्लिन, ओढ्याकाठची जागा तुमची."

जोलीनच्या छातीवरचं ओझं उतरलं. बाबा पुन्हा टेबलाशी बसले तशी ती लगबगीनं नवं काडतूस घेऊन पुढे झाली.

"दे इकडे," बाबांनी तळवा पसरला.

"मी भरते ना, बाबा."

"दे."

तिनं दिलं. वाकड्या बोटांतून ते निसटलं आणि खडीत पडलं. बाबांनी टेबलाला धरून, वाकून ते उचललं, फुंकलं, पुन्हा नळीशी नेलं. पुन्हा पडलं. जोलीनचा हात पुढे झाला.

बाबांनी तो बाजूला सारला, रागानं नाही, हळूच.

"गॉर्डी," त्यांनी हाक मारली, "जरा भरून दे रे."