करवतीचं दुसरं टोक

"हे घ्या काका. एकटा माणूस दिवसात अख्खं झाड पाडून जळणाचे तुकडे करील," म्हणत दुकानदारानं थोरलं चेनसॉ मशीन पुढं ठेवलं.

'एकटा' ऐकून यमुनानं शेजारी उभ्या नवऱ्याकडं पाहिलं. बावीस वर्षं करवतीचं एक टोक नवऱ्याकडं, दुसरं तिच्याकडं होतं.

नवऱ्यानं मशीनची दोरी तीनदा ओढली. मशीन नुसतं खोकलं. त्याचा खांदा मात्र भरून आला.

"सरका जरा," म्हणत यमुनानं पाय रोवला आणि करवत ओढायच्या सवयीनं पाठ मागं टाकून हिसका दिला. मशीन गरजलं, दुकानदारच मागं सरला.

मशीन बंद झाल्यावर नवरा म्हणाला, "हेच द्या. आणि हेल्मेट दोन."

"काका, ह्याला एकच माणूस लागतो."

"मशीनला लागत असंल," तो म्हणाला.

तोवर यमुनानं एक हेल्मेट अंबाड्यावर चढवलंसुद्धा होतं.