बारीक रेघेवरचा नमुना

ती पुन्हा खुर्चीतून उठली, खिडकीपर्यंत गेली आणि तशीच माघारी आली.

"अहो, बसा की एका जागी," लॅबचे साहेब म्हणाले. "पायाला भिंगरी लागलीय का?"

लॅबमध्ये तिला सगळे नकाशावाली म्हणत. गाठीचा नमुना आला, डॉक्टरांनी पाहिला, रिपोर्ट गेला, अशी प्रत्येक टप्प्याची नोंद कॉम्प्युटरात आपसूक होते. त्या ढीगभर नोंदींवरून ती कामाचा नकाशा काढायची आणि घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते सांगायची.

आजचा नकाशा भिंतीवर झळकत होता. एक जाड रेघ सरळ रिपोर्टापर्यंत गेलेली. मध्येच एक बारीक रेघ फुटून थोरल्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलाकडे वळलेली, आणि तिथे दिवसच्या दिवस जायचे.

"हेच ते कालचं टेबल!" साहेब खूश झाले. "पहिल्या डॉक्टरांना गाठ वाईट वाटली की नमुना पुन्हा बाईंकडे. एखाद-दुसऱ्याच्या नशिबाने गाठ साधी निघते, ते सोडलं तर बाईही तेच सांगतात. मग हा द्राविडी प्राणायाम कशाला? टाकू काढून."

तिचा फोन वाजला. आई होती.

"आला का गं रिपोर्ट? तुझ्याच लॅबमध्ये पडलाय ना माझ्या गाठीचा तो तुकडा? दे की जरा पुढे ढकलून."

"आई, इथे वशिला नाही चालत."

"मग मेली तुझी नोकरी काय कामाची!" आई हसली. जरा जास्तच वेळ हसली.

आईच्या नमुन्याचा नंबर शोधायचा नाही, असं तिने सकाळपासून स्वतःला बजावलं होतं. पण फोन ठेवला आणि हात काही गप्प बसेनात. तिने नंबर टाकला.

नकाशावर एक लाल ठिपका उमटला. तो जाड रेघेवरून निघाला. सरळ जा, सरळ जा, ती मनात म्हणत राहिली. ठिपका फाट्यावर आला, बारीक रेघेवर वळला आणि बाईंच्या टेबलाशी थांबला.

"बघा, हा आणखी एक अडकला," साहेब म्हणाले. "मग? काढायचं ना हे टेबल?"

"नको."

"नको?"

"बाईंना नीट बघू दे. लागेल तेवढा वेळ लागू दे."

"अहो, काल तर तुम्हीच म्हणालात काढा म्हणून!"

"काल ते नुसते ठिपके होते, साहेब."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या ठिपक्याकडे. टेबलावर आईचा फोन पुन्हा वाजू लागला. ती उचलेना.