भाताचं शीत

"चौदा नंबर, सुलक्षणा. नुसतं सरबत." डॉक्टरांनी यादी वाचली आणि चष्मा काढला. "पण पोरगी तर अडीच इंच वाढलीय!"

शकुच्या शेजारी बसलेली मंजुळा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

दोघी मुलुंडच्या एकाच चाळीतल्या. दोघींची पोरं नऊ वर्षांची, दिसायला पाचाची. गळ्याच्या ग्रंथीतला हार्मोन कमी. गोळ्या चालू होत्या, तरी उंची हटून बसलेली. म्हणून जस्ताने फरक पडतो का ते पाहायला हॉस्पिटलने वर्षभर बाटल्या दिल्या. निम्म्या मुलांना जस्ताचं औषध, निम्म्यांना त्याच चवीचं सरबत. कुणाला काय, ते वर्ष सरल्यावर उघडायचं. शकुच्या सुलूचा नंबर चौदा, मंजुळेच्या बळवंताचा पंधरा.

शकु औषधाच्या कंपनीत बाटल्यांना लेबलं लावायची. तिला कामाची पाळी सोडता येईना, म्हणून दोन्ही बाटल्या मंजुळाच आणायची. पहिल्याच महिन्यात शकुच्या बोटाला लेबलाखाली भाताचं शीत लागलं.

"पिशवीत पाणी सांडलं गं, लेबल सुटलं. भाताने चिकटवलं," मंजुळा म्हणाली.

दर महिन्याला पाणी कसं सांडतं, हे शकुने विचारलं नाही. एकादशीच्या कीर्तनात जी आपली जागा धरून ठेवते, तिला असं विचारतात होय?

आज तिला सगळं उमगलं. मंजुळा दोन्ही बाटल्यांची लेबलं अदलाबदल करत होती.

"चौदात खरं औषध आहे, हे कुणी सांगितलं तुला?" ती दातओठ खात पुटपुटली.

"इथली आया म्हणाली... सम नंबरात असतं म्हणून."

प्रल्हादाच्या हाती विषाचा पेला देतात, त्या आख्यानाला हीच बाई तोंडात पदर कोंबून रडली होती! आणि तेव्हा हिच्या घरी सुलूच्या बाटलीचं लेबल भिजत पडलं होतं. देवाने पेला फिरवला म्हणून, नाहीतर...

"सरबतवाल्यांना आता वर्षभर औषध," डॉक्टर म्हणाले. "ज्यांना मिळालं, त्यांचं बंद. सुलक्षणाला चालू, बळवंताला बंद."

शकुने मनाशी म्हटलं, गप्प राहिलं की झालं! पाप ज्याचं त्याच्या पदरात.

तेवढ्यात भिंतीवरच्या उंची मोजायच्या पट्टीला पाठ लावून उभ्या बळवंताने हळूच टाचा उचलल्या.

"टाचा टेक रे, लबाडा," नर्स हसली.

शकु उठली. "डॉक्टर, लेबलं लावणं हाच माझा धंदा. या दोघांच्या बाटल्यांची सुटलेली लेबलं वर्षभर माझ्याच हातून अदलाबदल होऊन लागली. सरबत बळवंताने प्यायलंय. औषध त्याला द्या."

बाहेर व्हरांड्यात मंजुळा तिच्या पायांवर कोसळली. शकुने पाय मागे घेतले, सुलूचं बोट धरलं.

"एकादशीला माझी जागा धरू नकोस," ती म्हणाली.