डावा पाय

"पाह्य, आजही डावा पाय घासूनच राह्यली," गच्चीवरून खाली बघत लखन बायकोला, योगिनीला म्हणाला.

खाली, कॉलनीमागच्या पडीक जागेत, त्याची आई चतुराबाई चालत होती. उजाडायला आलं होतं. वाशिम अजून साखरझोपेत होतं आणि त्या निळसर उजेडात म्हातारी जमिनीवरून नाही, पाण्यावरून चालल्यासारखी वाटत होती.

उन्हाळ्यात तिला अर्धांगाचा हलका झटका आला, तेव्हा लखननं तिला गावाहून, धनजहून इथं आणलं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला आणि डाव्या हाताची मूठ उघडझाप करत राहा. कॉलनीतली मंडळी पांढरे बूट घालून त्या जागेभोवती गोल फिरत. म्हातारी पहिल्याच दिवशी वैतागली. "मी काय घाण्याचा बैल हाये? गोल गोल कायले फिरू?"

मग तिनं स्वतःची रीत काढली. पदराची ओटी खोचायची, तिची जुनी सवयच ती, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ निघायचं. काठी रोवायची, मूठ सोडायची, डावा पाय ओढायचा. ओठांत काहीतरी गुणगुणणं. टोकाला पोचली की जराशी बाजूला सरकून परत. गोल फिरणारे गालातल्या गालात हसत. लहानपणी जिच्या मागं धावताना लखनची दमछाक व्हायची, तिचा पाय असा मातीतून फरफटताना त्याला मात्र बघवत नसे.

"घरात तं बऱ्या चालतात हो त्या," योगिनी म्हणाली.

"घरात भिंतीचा आधार असते."

"असन. येताना अख्खे मूग आणजा. डब्याले उंदीर लागले वाटते."

संध्याकाळी आईचा नेहमीचा प्रश्न आलाच. "लखन, मले धनजले कवा नेतं?"

"पाय घासणं बंद झालं का नेतो. त्याच्याआधी नाही."

"त्याचं काम सरलं का थांबते तो आपोआप," ती खिडकीतून आभाळाकडं बघत म्हणाली.

आजार डोक्यातही चढला की काय, ही नवीनच धास्ती लखनला लागली.

मग झड लागली. आईला कोणी बाहेर सोडेना. ती खिडकीशी डोळे मिटून बसायची, पाऊस ऐकायची आणि मधूनच हसायची. घरच्यांचा जीव आणखीच टांगणीला लागला.

उघडीप झाली त्या सकाळी लखन उठला तर आईची खाट रिकामी. काठी कोपऱ्यातच उभी. तो अनवाणीच मागच्या बाजूला धावला.

पांढऱ्या बुटांची मंडळी कडेला थबकून उभी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरी धरून आखल्यासारख्या, मुगाच्या कोवळ्या हिरव्या ओळी वर आल्या होत्या. आणि त्या ओळींमधून, एकही रोप तुडवलं जाऊ नये म्हणून दोन्ही पाय उचलून उचलून टाकत, आई घराकडं येत होती.