चिखलाचा श्वास

रेवदंड्याच्या खाडीकाठचा चिखल हवेत किती कार्बन सोडतो, हे मोजायला मृणालीने ठमाबाईंच्या परसामागे एक मोठा डबा चिखलावर उपडा घातला होता. आज दुपारपासून मोबाइलवर डब्यातला आकडा नुसता चढत होता. तिने परसात उभं राहूनच सरांना फोन लावला.

सर स्पीकरवर ओरडलेच, "अगं, असा धापा टाकणारा चिखल जगात कुणाला सापडला नसेल! पेपर छापून येईपर्यंत सगळं झाकून ठेव."

"मीच झाकून ठेवलाय गो," मागून ठमाबाई म्हणाल्या. "सांजचे पावने जेवायला यायचे हायत. तवर पलायला नको."

मृणालीने डब्याकडे पाहिलं.

डबा आरवला.